पीण्याच्या अंबली अक्का

कॅन्टीन चालवणारं माणूस साधारणपणे वाढायच्या टेबलापाशी उभं असतं. अक्का उभ्या राहत हात धुवायच्या बेसिनशेजारी, जिथं उष्टी ताटं गोळा होत. वाढायला त्यांच्या हाताखालच्या दोघीजणी होत्या. अक्का कमरेवर एक हात ठेवून, जाड भिंगांच्या चष्म्यातून, परत येणाऱ्या प्रत्येक ताटाकडे बघत. कुणी भाताचा ढीग तसाच टाकला, कुणी पालेभाजी कडेला सारली, कुणी मिरच्या वेचून ठेवल्या, सगळं त्यांच्या ध्यानात राही. कुणाला बोलणं नाही, रागावणं नाही. दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या ताटात भात थोडा कमी पडे, किंवा त्याच्या वाटीतल्या सारातून मिरच्या गायब झालेल्या असत.

"तुम्ही इथं का उभ्या राहता?" मी एकदा विचारलं.

"वाढताना सगळे नीट असतात ग. नको कोण म्हणत नाही. काय झालं ते परत येताना कळतं." मग माझ्या हातातल्या लाल चिठ्ठ्यांकडे बोट करून म्हणाल्या, "तू पण तेच करतेस की तिकडं. परत आलेला माल बघतेस."

खरंच होतं ते. बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात, एका आतल्या रस्त्यावर गिअर आणि शाफ्ट बनवणारा आमचा कारखाना होता. सत्तरएक माणसं. मी तिथं तपासणी विभागात होते. माप चुकलेल्या, गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या मालाला लाल चिठ्ठी बांधायची आणि त्यावर कारण लिहायचं, हे माझं काम. आमच्या दोघींच्या धंद्यातलं हे साम्य अक्कांना माझ्या आधी दिसलं होतं.

'अंबली अक्का' हे नाव त्यांना भट्टीवरच्या लोकांनी दिलेलं. सकाळी साडेदहाला त्या स्वतः स्टीलचा मोठा डबा घेऊन भट्टीच्या शेडमध्ये जात. डब्यात रागीची अंबली असे. आपली नाचणीची आंबीलच ती. आदल्या दिवशी शिजवून आंबवलेलं पीठ, त्यात ताक, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, मीठ. बाकीच्या खात्यांना त्या वेळी चहा मिळे. भट्टीच्या धगीत उभ्या राहणाऱ्यांना चहा द्यायला अक्कांचा विरोध होता. "आतून भाजतात बाहेरून भाजतात, वर आणि चहा कसाला?" त्या म्हणत. आधी नाक मुरडणारी माणसं उन्हाळ्यात पेला पुढं करून दुसऱ्यांदा मागत. मग तपासणी विभागही मागू लागला. मग हिशेबनीस. शेवटी चहाची किटली अर्ध्यावर आली.

अक्का मराठी बोलत, पण त्यांचं मराठी मी कधी ऐकलं नव्हतं असं होतं. त्यांचं घराणं बंगळुरात कधी आलं हे त्यांनाही सांगता येत नसे. "माझ्या आज्जाच्या आज्जाला विचारलं तरी हितलाच म्हणून सांगेल बघ," असं म्हणत. राजाजीनगरात त्यांचं दोन खोल्यांचं जुनं घर होतं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर त्या स्वतः. 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे ठीक, या दोन कन्नड शब्दांवर त्यांचा अर्धा संसार चाले. मी सोलापूरची, शिक्षणासाठी पुण्यात राहून इथं आलेली. त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. मी शेवटपर्यंत 'सोलापूर'च राहिले.

पहिल्या दिवशी माझ्या ताटात रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा आला. तपकिरी, गुळगुळीत, चेंडूएवढा. मी घास तोडून चावायला लागले. तो दाताला, टाळ्याला, सगळीकडे चिकटला. समोरचे लोक हसू दाबत होते. अक्का बेसिनपासून चालत आल्या.

"चावू नको ग, सोलापूर. सारात बुडव आणि गिळ."

"न चावता?"

"चावायचं काम सारातल्या भाजीचं. मुद्द्याला घाई असते."

मला ते जमलं नाही. खरं सांगायचं तर जमवायची इच्छाच नव्हती. पुण्याच्या मेसमधल्या पोळ्यांची आणि पनीरच्या रश्श्याची सवय लागलेली. ज्या घरात रोज ज्वारीची भाकरी होई, त्या घरातली मी, पण भाकरी म्हणजे मागं सोडलेली गोष्ट असं मनात कुठंतरी धरून बसले होते. त्यातून हा मुद्दा म्हणजे भाकरीच्याही मागं गेल्यासारखं वाटे.

अक्कांच्या स्वयंपाकाचा एक नियम होता आणि तो त्या कधी नियम म्हणून सांगत नसत. दुरून आलेलं कमी, जवळचं जास्त. रागी आसपासचीच. पालेभाज्या आणि शेंगा देवनहळ्ळीच्या मुनियम्माच्या शेतातून. मुनियम्मा म्हणजे अक्कांच्याच वयाची शेतकरीण, दोघींची ओळख कुठल्याशा जत्रेतली. तिचा माल रोज सकाळी दुधाच्या टेंपोतून येई आणि त्याच टेंपोतून अक्का भाज्यांची देठं, शेंगांची सालं पोत्यात भरून तिच्या गाईंसाठी परत पाठवत. टेंपोवाला कुरकुर करी. अक्का त्याला पेलाभर अंबली देऊन गप्प करत.

त्यांचा हातखंडा म्हणजे बस्सारु. कडधान्य आणि पालेभाजी एकत्र शिजवायची. शिजल्यावर पाणी गाळून वेगळं काढायचं. त्या पाण्याला मसाला वाटून लावला की झालं सार, आणि उरलेल्या भाजीला फोडणी दिली की झाली कोरडी भाजी. एका पातेल्यातून दोन पदार्थ, आणि मोरीत थेंब जात नाही. मला पहिल्यांदा हे बघून वाटलं, काय ही काटकसर! नंतर कधीतरी मी त्यांना तसं म्हटलंही. त्यांना ते आवडलं नाही. "काटकसर कसली? त्या पाण्यातच सगळं उतरलेलं असतं. ते फेकून चोथा खायचा का?"

भट्टीवर रंगप्पा नावाचा कारागीर होता. पन्नाशीचा, अबोल, कामात पक्का. एके दिवशी अक्का मला म्हणाल्या, "रंगप्पा जेवताना चारदा पाणी प्यायला उठतो. आधी उठत नव्हता. भात दोनदा घेतो आणि तरी गळ्याची हाडं दिसायला लागली." मी म्हटलं, उन्हाळा आहे. अक्कांनी मान हलवली. त्याला कोपऱ्यात गाठून त्यांनी काय सांगितलं ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. साखर निघाली. भट्टीवरून काढतील या भीतीनं त्यानं त्रास होतोय हे कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वेळेवर, थोडं थोडं खायला सांगितलं. अक्कांनी त्यातला खाण्याचा भाग उचलला. भात अर्धा, मुद्दा लहान, पालेभाजी आणि कडधान्य दुप्पट, आणि साडेदहाला अंबली चुकवायची नाही. "मी डॉक्टर नाही," त्या त्याला बजावत. "गोळी तू चुकवायची नाहीस. ताट मी चुकवत नाही." वर्षभरात रंगप्पाचा चेहरा भरला.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगायला अजूनही जड जातं.

कारखान्याच्या मालकांचा मुलगा, ज्याला आम्ही धाकटे साहेब म्हणत असू, परदेशातून शिकून आला आणि कारभार बघू लागला. त्यानं सगळ्यांकडून सूचना मागवल्या. आम्ही ऑफिसातले पाचसहा जण जेवणावर वैतागलेलो होतोच. त्या महिन्यात तर आठवड्यातून तीनतीनदा तीच भाजी, तेच सार येत होतं. मी कागद घेतला आणि लिहून काढलं. रोज पालापाचोळा, चपाती नाही, पनीर नाही, पाहुणे आले तर दाखवायची लाज वाटते, असं बरंच. लिहिताना मजा येत होती, हे कबूल करायला हवं. पहिली सही माझी.

पंधरा दिवसांत निर्णय झाला. बाहेरच्या केटररकडून डबे मागवायचे. अक्कांना कामावरून काढलं नाही. डबे वाटायचे आणि मोकळी झालेली डबडी गोळा करायची, एवढंच काम त्यांना ठेवलं. चूल बंद. अंबलीही बंद, कारण सकाळी आता चहाच्या यंत्राचा चहा मिळणार होता.

पहिल्या आठवड्यात सण असल्यासारखं वाटलं. पुऱ्या, फ्राइड राइस, पनीर, प्लास्टिकच्या वाटीत गुलाबजाम. अक्का आपल्या जागी उभ्या होत्या. त्यांच्या पुढ्यातले ड्रम दुसऱ्या आठवड्यापासून भरून वाहू लागले. अर्धी पुरी, चिकट भात, तेलाचा थर आलेली भाजी, आणि त्यावर प्लास्टिकचा डोंगर. टेंपोवाल्यानं गाईंसाठी न्यायला नकार दिला. गाईंना प्लास्टिक कोण घालणार? दुपारी दोननंतर यंत्रांपाशी माणसं जांभया देत. मीसुद्धा मापाचं यंत्र हातात धरून पेंगत असे. तरी कुणी काही बोललं नाही. मागितलं होतं ते मिळालं होतं ना!

एके दिवशी रस्त्यात कुठंतरी वाहनं अडकली आणि डब्यांची गाडी आलीच नाही. साडेबारा वाजले, एक वाजला, दीड वाजला. मी भट्टीकडे एक तुकडा तपासायला गेले होते. रंगप्पा ट्रे ओढत होता. त्याचा शर्ट घामानं चिंब झाला होता, पण चेहरा पांढराफटक. मी हाक मारली तर त्यानं भलतंच काहीतरी उत्तर दिलं. आणि मग त्याचे गुडघे मोडले. पडताना त्याचा हात भट्टीच्या दाराला घासला. शेजारच्यानं त्याला मागं ओढलं नसतं तर काय झालं असतं, त्याचा विचार मी आजही करत नाही.

आरडाओरडा झाला. सगळ्यांच्या आधी अक्का पोहोचल्या. दुखऱ्या गुडघ्यांची ती बाई कशी धावली कोण जाणे.

"सकाळी काय खाल्लंस?" त्या त्याला कन्नडमध्ये विचारत होत्या. "गोळी घेतलीस? अरे, गोळी घेतलीस का?"

त्यानं मान डोलावली. गोळी घेतली होती. सहा वाजता घरून निघाला होता. पोटात काही नव्हतं.

"साखर!" अक्का माझ्याकडे वळून ओरडल्या. "सोलापूर, साखर आण! चहाच्या यंत्रापाशी असेल, धाव!"

मी धावले. पाण्यात साखर ढवळून आणली. तो शुद्धीवर होता, गिळू शकत होता. अक्कांनी त्याला टेकवून बसवलं आणि घोट घोट पाजलं. पाचदहा मिनिटांत त्याच्या डोळ्यांत ओळख आली. मग गाडी काढून त्याला दवाखान्यात नेलं. हाताची जखम भरायला दोन महिने लागले. जीव वाचला.

तो गेल्यावर अक्का शेडच्या पायरीवर बसल्या. मला वाटलं आता त्या धाकट्या साहेबांना बोलतील. तसं झालं नाही. "मी त्याला घरून मूठभर पोहे तरी आणायला सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "अंबली बंद झाली तेव्हाच सांगायचं होतं. माझ्याकडून राहिलं." त्यांच्या शेजारी मी उभी होते. पहिली सही माझी होती.

थोरले साहेब, म्हणजे धाकट्यांचे वडील, दुसऱ्या दिवशी स्वतः आले. त्यांनी अक्कांना चूल पुन्हा पेटवायला सांगितलं. धाकटे साहेबही मान खाली घालून उभे होते. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त ठाऊक नव्हतं. अक्का म्हणाल्या, "पेटवते. पण ज्यांनी तक्रार लिहिली त्यांना आधी विचारा, काय पाहिजे म्हणून. न आवडणारं जेवण मी वाढत राहिले तर ते पण सरी नाही."

त्याच रविवारी त्या मला देवनहळ्ळीला घेऊन गेल्या. चूल पुन्हा चालू होणार हे मुनियम्माला सांगायचं होतं. बसमध्ये खिडकीशी त्या, शेजारी मी. विमानतळाचा रस्ता, टॅक्स्या, जाहिरातींचे फलक. कुठल्याशा थांब्यावर मी धीर करून म्हटलं, "अक्का, तो कागद मी लिहिला होता."

"ठाऊक आहे की."

"कसं?"

"चूल बंद करा म्हणून सांगताना धाकट्या साहेबानं दाखवला. तुझ्या लाल चिठ्ठ्या मी रोज बघते. ते अक्षर ओळखू येणार नाही का?"

मला रडू यायला लागलं. त्यांनी पदरानं चष्मा पुसला. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "खोटं कुठं लिहिलं होतंस? तीनतीनदा तीच भाजी घातली होती मी. गुडघा दुखत होता, निवडायला बसवत नव्हतं. सोपं ते करत सुटले. तू लिहिलंस म्हणून मला कळलं." मग त्यांनी विचारलं, "पालापाचोळा हा शब्द मात्र कसाला लिहिलास ग?"

त्याचं उत्तर मुनियम्माच्या शेतात मिळालं. लाल माती, रागीचं पीक नुकतंच काढलेलं, आणि बांधावर मला नुसतं तण दिसत होतं. त्या दोघी म्हाताऱ्या वाकून त्यातूनच खुडत चालल्या होत्या. हा राजगिरा, ही घोळ, हा तांदुळजा, ही आंबुशी. काहींची नावं मला मराठीत ठाऊक होती, काहींची कुठल्याच भाषेत नाही. दहाबारा तऱ्हेची पानं ओच्यात जमली. या मिसळीला तिकडे 'बेरके सोप्पु' म्हणतात. कुणी पेरलेली नाही, कुणी पाणी घातलेलं नाही, फवारणी नाही. पावसानं दिलं आणि यांनी ओळखलं, एवढंच. "प्रत्येक पानाचं काम वेगळं," अक्का म्हणाल्या. "कुठलं काय करतं ते मला काय ठाऊक? पण सगळी मिळून पोटात गेली की माणूस बरा राहतो, एवढं बघितलंय." त्या दुपारी मुनियम्माच्या ओसरीवर मी मुद्दा खाल्ला. सारात बुडवून, न चावता. त्या दोघींचं माझ्याकडे लक्षही नव्हतं.

चूल पुन्हा पेटली. अंबली सुरू झाली. अक्कांनी आम्हा तक्रारखोरांना एकेक करून विचारलं, "तुमच्याकडं काय करतात?" मी पोळी म्हणणार होते, आणि तोंडातून निघालं, "ज्वारीची भाकरी." त्यांनी त्याच आठवड्यात उत्तर कर्नाटकाकडची ज्वारी मिळवली आणि मलाच चुलीपुढं बसवलं. माझी पहिली भाकरी चिरली, दुसरी करपली. रंगप्पानं करपलेली मागून घेतली. तेव्हापासून गुरुवार भाकरीचा झाला.

हिवाळ्यात अवरेकाई येई. आपल्या पावट्याची बहीणच, पण वास असा की शेंगांचं पोतं उघडलं की ऑफिसापर्यंत कळे. दाणे भिजवून त्यांची सालं काढायची असत. दाणा चिमटीत धरून दाबला की साल बोटांत राही आणि दाणा टणकन उडे. इतक्या माणसांसाठी हे करायचं म्हणजे दिवसभराचं काम. म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर सगळे टेबलांभोवती बसत. भट्टीवाले, हिशेबनीस, एकदा तर थोरले साहेबही बाह्या सरसावून बसले. दाणे एकमेकांच्या चष्म्यावर उडत. सालांची पोती टेंपोतून मुनियम्माकडे जात. कारखान्याच्या कुठल्याही संमेलनापेक्षा आम्ही एकमेकांना त्या टेबलांभोवती जास्त ओळखायला लागलो.

अशी सातआठ वर्षं गेली. मग कारखाना तुमकूरच्या बाजूला नव्या जागेत हलवायचं ठरलं. जागा मोठी, यंत्रं नवी, कॅन्टीन कंत्राटदाराचं. अक्कांना तिकडे जाणं शक्य नव्हतं. गुडघे पार गेले होते. मुलगा म्हणत होता, आता बस करा.

शेवटच्या दिवशी आम्ही त्यांना चुलीजवळ जाऊ दिलं नाही. प्रत्येकानं आपापल्या घरचं काहीतरी करून आणलं. पॅकिंगमधला बिहारचा एकजण सत्तू घेऊन आला. ओडिशाच्या दोघांनी पाण्यात आंबवलेला भात आणला. रंगप्पाच्या बायकोनं हुलग्याचं सार पाठवलं. मी ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. अक्का मधल्या टेबलाशी बसल्या आणि एकेक पदार्थ चाखून चौकशा करू लागल्या. हे कशाचं पीठ? तुमच्याकडं पाऊस किती? हे भाजून की कच्चं? ओडिशाच्या भातापाशी येऊन त्या थांबल्या. पुन्हा एक घास घेतला. "अरे, ही तर तुमची अंबली!" त्यांना इतका आनंद झाला की त्या भात आणणाऱ्या दोघांनाच डोळे पुसावे लागले.

ऑटोत बसताना त्यांनी माझा हात धरला. "सोलापूर, गावी गेलीस की ज्वारीचं बी आण स्वल्प. दुकानातलं नको, शेतातलं. मुनियम्माच्या बांधाला लावून बघू. या मातीत येतं का बघू."

मी हो म्हटलं. नव्या जागेची धावपळ, माझं लग्न, मग मुलगी. फोन होत, पण गावी जाणं होई ते दोन दिवसांचं, आणि बी राहूनच जाई. फोनही कमी होत गेले. शेवटी एका सुट्टीत मी काकांच्या शेतातून कापडी पिशवीत दोन मुठी बी बांधून घेतलं आणि परतल्यावर थेट राजाजीनगर गाठलं. दार त्यांच्या मुलानं उघडलं. माझा चेहरा बघून त्याला कळलं की मला ठाऊक नाही.

"अम्मा गेली," तो म्हणाला. "दीड महिना झाला. तिच्या फोनमध्ये तुमचं नाव सापडलं नाही हो. सोलापूर म्हणून होतं काहीतरी. गावातलं कुणी असेल वाटलं."

आत त्यांचा फोटो होता. मी बसले, पाणी प्याले, काय बोलले ते आठवत नाही. पिशवी मांडीवर होती. उठले ती देवनहळ्ळीच्या बसमध्ये जाऊन बसले.

मुनियम्माचं अर्धं शेत तोवर गेलं होतं. तिथं प्लॉटचे दगड रोवले होते. उरलेल्या अर्ध्यात ती होती. तिनं मला पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "अक्का कशी आहे?" तिलाही कुणी कळवलं नव्हतं. सांगायचं माझ्या वाट्याला आलं, माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये. ती बांधावर बसली. रस्त्यावरून टॅक्स्या जात होत्या. मग तिनं पिशवीकडे बोट केलं. मी सांगितलं. तिनं गाठ सोडली, दाणे तळहातावर घेतले, एक दातानं फोडून बघितला. "कुठल्या महिन्यात पेरतात तुमच्याकडं?" तिनं विचारलं.

तिनं पेरलं. हिवाळा संपता संपता मी मुलीला घेऊन बघायला गेले. ज्वारीची ताटं जेमतेम माझ्या खांद्यापर्यंत आली होती. कणसं विरळ, आणि त्यातली निम्मी पाखरांनी रिकामी केलेली. मला वाईट वाटलं. मुनियम्माला मात्र हसू येत होतं.

"तुमच्या ज्वारीला अजून कन्नड येत नाही," ती म्हणाली.

वाचलेल्या कणसांतली चांगली चार तिनं निवडली, फडक्यात बांधली आणि पुढच्या पेरणीसाठी घराच्या आढ्याला टांगली. मी विचारलं, "येईल का हो पुढच्या वर्षी तरी?"

"हळूहळू शिकेल," मुनियम्मा म्हणाली. "तू नाही शिकलीस?"